कार्यालयाचे नेटवर्क आणि चॅटची खिडकी

कार्यालयातल्या संगणकावरून पाठवलेला चॅटचा मेसेज कार्यालयाच्या मालकीच्या वाटेने जातो. ही वाट घरच्या इंटरनेटसारखी मोकळी नसते. बाहेर पडण्याच्या तोंडाशी फायरवॉल असते, बऱ्याच ठिकाणी तिच्या अलीकडे प्रॉक्सी सर्व्हर असतो, आणि कोणत्या विभागाला काय उघडता यावे याची यादी आयटी विभागाने भरून ठेवलेली असते. बँक, कॉल सेंटर, सरकारी कचेरी, रुग्णालय, सॉफ्टवेअर कंपनी, कुठेही गेले तरी ही रचना थोड्याफार फरकाने सारखीच. तिच्यात चॅटची जागा सुरुवातीपासून अडचणीची राहिली आहे.

चॅट कार्यालयांत शिरले ते कर्मचाऱ्यांच्या हातून. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलमधल्या मिराबिलिस कंपनीने आयसीक्यू आणले. १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइनचा एआयएम आला, १९९८ मध्ये याहू पेजर आला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव याहू मेसेंजर झाले. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एमएसएन मेसेंजर आला. सगळे फुकट, आणि संगणकावर टाकायला दोन मिनिटे पुरत. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तर त्याला कामाचेच कारण होते. ऑनसाइट गेलेला सहकारी अमेरिकेत कामावर येई तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असे, आणि दोघांच्या वेळा जुळत त्या तास-दोन तासांत ईमेलपेक्षा चॅटवर गुंता लवकर सुटे. देवनागरी टंकणे तेव्हा बहुतेकांच्या हाताखालचे नव्हते, त्यामुळे मराठी बोलणे रोमन अक्षरांत चाले. ‘जरा पिंग कर’ हा प्रयोग याच वातावरणात रुळला. पिंग ही मुळात पलीकडचा संगणक जागा आहे का हे तपासण्याची आज्ञा. माइक म्यूस यांनी ती १९८३ मध्ये लिहिली. माणसांसाठी ती वापरली जाऊ लागली, यात या माध्यमाचे मर्मच आले: पलीकडचा माणूस या क्षणी जागेवर आहे का, हे चॅट सांगते. ईमेल ते सांगत नाही.

या सेवांचे सर्व्हर मात्र कंपनीबाहेर, बहुधा परदेशात होते. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला ‘जेवायला येतोस?’ असे विचारले, तरी ते वाक्य आधी इमारतीबाहेर, मग समुद्रापार जाई आणि तिथून परत येई. तेही कोणतेही कुलूप न लावता. याहू आणि एमएसएनवरचा मजकूर त्या काळी साध्या अक्षरांत प्रवास करी. वाटेवर पॅकेट टिपणारे साधन लावून बसलेल्या कोणालाही तो सरळ वाचता येई. जेवणाच्या निमंत्रणाने काही बिघडत नाही, पण त्याच खिडकीत सर्व्हरचा पासवर्ड किंवा ग्राहकाच्या खात्याचा तपशीलही लिहिला जात होता.

कार्यालये चॅटवर बंदी घालू लागली, तेव्हा कारण म्हणून अनेकदा बँडविड्थचे नाव घेतले जाई. निव्वळ मजकुरापुरते ते कारण लंगडे होते. ‘कळलं’ हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीत १२ बाइटांचा होतो, कारण त्यातली क, ळ, ल आणि अनुस्वार ही चारही चिन्हे प्रत्येकी ३ बाइट घेतात. पत्त्याचे वेष्टन धरून मेसेज २०० बाइटांचा झाला, तरी ६४ किलोबिटच्या जुन्या लीज्ड लाइनवर त्याला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरे. लाइन तुंबत असे ती त्याच खिडकीतून पाठवलेल्या गाण्यांनी, फोटोंनी आणि वेबकॅमने.

खरी कारणे वेगळी होती. पहिले, किडे. मेसेंजरच्या यादीतल्या ओळखीच्या नावाकडून एक दुवा येई, त्यावर क्लिक केले की संगणक बाधित होई आणि तोच दुवा यादीतल्या सगळ्यांना आपोआप जाई. ओळखीच्या माणसाचे नाव वर असल्याने कोणाला शंका येत नसे. एप्रिल २००५ मध्ये केल्विर नावाच्या अशाच किड्याच्या एका प्रकारामुळे रॉयटर्सला आपली वित्तक्षेत्रासाठीची मेसेजिंग सेवा काही काळ बंद ठेवावी लागली होती. ईमेलसाठी गाळण्या बसवलेल्या कंपन्यांकडे चॅटसाठी तेव्हा काहीच नव्हते.

दुसरे कारण नोंदींचे. शेअर बाजाराशी संबंधित व्यवसायांत ग्राहकाशी झालेला लेखी संवाद जपून ठेवणे हे कायद्याचे बंधन आहे. चॅटही लेखी संवादच आहे, असे अमेरिकेतल्या दलालांच्या नियामक संघटनेने २००३ मध्येच स्पष्ट केले. तरी सवयी सुटल्या नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने वॉल स्ट्रीटवरच्या १६ संस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून अधिक दंड लावला. दोष एवढाच, की कर्मचारी कामाच्या गोष्टी खासगी फोनवरच्या मेसेजमधून करत होते आणि संस्थांनी त्या जपल्या नव्हत्या. मुंबईतही २०१७ मध्ये काही नोंदणीकृत कंपन्यांच्या निकालांचे आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरत असल्याचे उघडकीला आले आणि सेबीला चौकशी सुरू करावी लागली.

बंदी प्रत्यक्षात घातली जाते ती पोर्टपासून. इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या पत्त्याला जोडून एक क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. इमारतीचा पत्ता एकच, पण आत गाळे अनेक, असा हा प्रकार. वेबपानांसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, टपाल पाठवण्यासाठी २५. चॅटवाल्यांनीही आपापले गाळे घेतले होते: आयसीक्यू आणि एआयएमचा ५१९०, याहूचा ५०५०, एमएसएनचा १८६३, जॅबरचा (त्याविषयी पुढे येईल) ५२२२, आयआरसी या जुन्या गप्पांच्या सेवेचा ६६६७. फायरवॉलवर एवढे क्रमांक बंद केले की काम झाले, असे सुरुवातीला वाटले. बंद करण्याच्या दोन तऱ्हा होत्या आणि त्या पडद्यावर वेगवेगळ्या दिसत. फायरवॉलने जोडणी नाकारल्याचे उत्तर दिले, तर मेसेंजर लगेच चूक दाखवी. तिने पॅकेट नुसते गिळून टाकले, तर मेसेंजर ‘जोडत आहे’ म्हणत बराच वेळ ताटकळे आणि वापरणाऱ्याला वाटे, नेट आज संथ आहे.

मेसेंजर बनवणाऱ्यांनी यावर तोड आधीच काढून ठेवली होती. ५०५० वर उत्तर आले नाही, तर याहू मेसेंजर ८०, २३, २५ असे इतर क्रमांक आपणहून चाचपून पाहत असे. म्हणजे टपालासाठी उघड्या ठेवलेल्या दारातून चॅट बाहेर पडे. एमएसएनने आपला मजकूर वेबपानाच्या मागणीसारखा गुंडाळून ८० वरून नेण्याची सोय केली. वापरणाऱ्याला यातले काही करावे लागत नसे, बहुतेकांना ते माहीतही नव्हते. फायरवॉलला मग नुसता क्रमांक पाहून भागेना. पॅकेटच्या पोटात डोकावून हे खरेच वेबपान आहे की वेबपानाच्या वेषातला मेसेंजर, हे ओळखणे भाग पडले.

पुढची पायरी प्रॉक्सीची. ज्या कार्यालयांत थेट बाहेर जाण्याची सोयच काढून घेतली, तिथे प्रत्येक मागणी प्रॉक्सी सर्व्हरपुढे ठेवावी लागते. तो ती स्वतःच्या नावाने बाहेर नेतो आणि उत्तर आणून देतो. साध्या वेबपानाच्या बाबतीत तो सगळे वाचू शकतो. सुरक्षित जोडणीत मात्र मजकूर कुलूपबंद असल्याने प्रॉक्सीला मध्ये बसता येत नाही. म्हणून ‘कनेक्ट’ नावाची आज्ञा असते. ब्राउझर म्हणतो, अमुक सर्व्हरच्या ४४३ क्रमांकापर्यंत मला नळी टाकून दे. प्रॉक्सी नळी टाकतो, आणि तिच्यातून काय वाहते ते त्याला दिसत नाही. बँकेचे पान आणि चॅट त्याच्या दृष्टीने सारखेच. घरच्या संगणकावर एसएसएच (दूरच्या संगणकात कुलूपबंद वाटेने शिरण्याची सोय) सर्व्हर ४४३ वर चालवून, ऑफिसमधून त्याच्यापर्यंत नळी टाकून, तिच्यातून हवे ते नेणारे जाणकारही होते.

या नळीचा मागमूस उरत नाही, असा मात्र अनेकांचा गैरसमज असतो. स्क्विड हा फुकट मिळणारा आणि फार वापरला गेलेला प्रॉक्सी घेतला, तर त्याच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणीची एक ओळ पडते: वेळ, कोणता संगणक, लॉगिन असेल तर कोणाचे, कोणत्या सर्व्हरकडे, किती बाइट, किती वेळ. कनेक्टची ओळ नळी बंद होते तेव्हा लिहिली जाते. त्यामुळे एका पानाची ओळ काही मिलिसेकंदांची असते, तर दिवसभर उघड्या राहिलेल्या चॅटची ओळ कित्येक तासांची आणि एवढ्या वेळाच्या मानाने अगदी थोड्या बाइटांची. शांत पडलेली नळी प्रॉक्सी ठरावीक वेळाने तोडतो, म्हणून मेसेंजर मधूनमधून काहीतरी पाठवत राहतो. जॅबरच्या पद्धतीत कोणी बोलत नसताना नुसती एक मोकळी जागा पाठवली जाते. एकही शब्द न वाचता, केवळ या ठोक्यांवरून, अनुभवी सिस्टिम ॲडमिन सांगू शकतो की इथे चॅट चालू आहे.

या पाठशिवणीत सर्वांत धोक्याचा टप्पा होता वेबवरच्या मध्यस्थांचा. ई-बडी किंवा २००५ मध्ये सुरू झालेले मीबो यांच्या पानावर आपले याहूचे आणि एमएसएनचे नाव नि पासवर्ड टाकले की ब्राउझरमध्येच चॅटची खिडकी उघडे. संगणकावर काही टाकायची गरज नाही. नामांकित सेवांचे एक वेळ ठीक, पण त्याही बंद झाल्यावर लोक कोणत्याही अनोळखी ‘अनब्लॉक’ साइटवर तेच पासवर्ड देऊ लागले. बंदीने ज्या माणसाला सुरक्षित ठेवायचे, त्यालाच तिने आपल्या किल्ल्या परक्याच्या हाती द्यायला लावल्या. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी हा परिणाम पुरेसा मनावर घेतला नाही.

आज जवळजवळ सगळे चॅट ४४३ वरूनच, कुलूपबंद चालते, आणि पोर्टची यादी जवळजवळ निकामी झाली आहे. अडवणूक आता सर्व्हरच्या नावावरून होते. कुलूप लागण्याआधी ब्राउझर कोणत्या नावाच्या सर्व्हरकडे जायचे ते सहसा उघड बोलतो. तेवढे ऐकून फायरवॉल जोडणी तोडते. याहून कडक कार्यालयांत कुलूपच मध्ये उघडले जाते. कंपनी आपले स्वतःचे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर आधीच बसवते. मग प्रॉक्सी बाहेरच्या सर्व्हरशी एक कुलूपबंद जोडणी करतो, कर्मचाऱ्याच्या ब्राउझरशी दुसरी, आणि मधल्या जागेत मजकूर उघडा वाचतो. ब्राउझर तक्रार करत नाही, कारण त्याला ते प्रमाणपत्र विश्वासाचे म्हणून दिलेले असते. हे ओळखणे सोपे आहे: पत्त्याच्या पट्टीतून साइटचे प्रमाणपत्र उघडून ‘कोणी दिले’ ते पाहायचे. तिथे जगभर चालणाऱ्या एखाद्या प्रमाणक संस्थेऐवजी स्वतःच्या कंपनीचे किंवा फायरवॉल बनवणाऱ्याचे नाव असेल, तर मध्ये कोणीतरी वाचते आहे.

व्हॉट्सॲपचा मजकूर एप्रिल २०१६ पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतो, त्यामुळे प्रॉक्सीने बाहेरचे कुलूप उघडले तरी आतले उघडत नाही. पण जानेवारी २०१५ मध्ये आलेले व्हॉट्सॲप वेब कार्यालयाच्या संगणकावर उघडले, की ते ‘टोक’ म्हणजे कंपनीचाच संगणक असतो. पडद्याचे चित्र घेणारे किंवा टंकलेले टिपणारे निरीक्षणाचे सॉफ्टवेअर त्यावर असेल, तर वाटेवरच्या कुलपांना काही अर्थ राहत नाही. लग्नाची बोलणी, आजारपणाचे रिपोर्ट, घराच्या कर्जाचे कागद अशा गोष्टी लोक त्या खिडकीत सहज उघडतात, म्हणून हा फरक नीट कळणे गरजेचे आहे.

इमारतीतल्या इमारतीत बोलायचे, तर बाहेर जाण्याची गरजच नसते, आणि त्याची साधने जुनी आहेत. विंडोज एनटी आणि २००० वर ‘नेट सेंड’ ही आज्ञा होती: संगणकाचे नाव आणि मजकूर लिहिला, की पलीकडच्या पडद्यावर ‘ओके’चे बटण असलेली एक चौकट टपकन उघडे. उत्तर द्यायचे तर उलट आज्ञा लिहायची. २००२ च्या सुमारास जाहिरातबाजांनी इंटरनेटवरून उघड्या संगणकांवर अशाच चौकटी पाडायला सुरुवात केली, आणि २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीवरची ही सेवा आधीपासूनच बंद ठेवली.

तिची जागा भारतातल्या कितीतरी कार्यालयांत आयपी मेसेंजरने घेतली. जपानमधल्या हिरोआकी शिरोउझू यांनी केलेला हा छोटासा प्रोग्रॅम. त्याला सर्व्हर लागत नाही, लॉगिन लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सुरू होताच तो २४२५ या पोर्टवरून नेटवर्कभर आरोळी देतो, ‘मी आलो’, आणि जे जे संगणक ऐकतात ते आपले नाव परत कळवतात. त्यातून सहकाऱ्यांची यादी तयार होते. ही आरोळी राउटरपलीकडे जात नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे लोक यादीत दिसतात आणि पाचव्या मजल्यावरचे, त्यांचे नेटवर्क वेगळे असेल तर, दिसत नाहीत. त्यासाठी पलीकडच्या नेटवर्कचा पत्ता सेटिंगमध्ये हाताने भरावा लागतो. या प्रोग्रॅममध्ये एक देखणी सोय आहे: मेसेज मोहोरबंद पाठवता येतो. समोरच्याने तो उघडला की पाठवणाऱ्याला तसे कळते. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा यायच्या कितीतरी आधी अनेक कार्यालयांत ‘मेसेज उघडलास, मग उत्तर का नाही?’ हा प्रश्न विचारला जात होता. उणीवही त्याच साधेपणात आहे. नाव कोणीही काहीही लावू शकतो, आणि संवादाची नोंद ज्याच्या-त्याच्या संगणकावर राहते. साहेबांच्या नावाने आलेला मेसेज साहेबांचाच आहे, याची हमी हे साधन देत नाही.

ती हमी हवी असेल, तर कार्यालयाने स्वतःचा सर्व्हर ठेवावा लागतो. त्याचा पाया जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या जॅबरने घातला. २००४ मध्ये तो एक्सएमपीपी या नावाने प्रमाणित झाला. ओपनफायर किंवा ईजॅबर्डी यांसारखे सर्व्हर फुकट मिळतात आणि एका साध्या यंत्रावर मध्यम आकाराचे कार्यालय सांभाळतात. लॉगिन कंपनीच्या नेहमीच्या खात्यांशी जोडता येते, त्यामुळे नोकरी सोडलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद होते. कर्मचाऱ्यांसाठी ५२२२ हा पोर्ट आतल्या आत उघडा ठेवायचा आणि दुसऱ्या सर्व्हरांशी बोलण्याचा ५२६९ बंद ठेवायचा, की मेसेज इमारतीबाहेर जात नाही. मजकूर यूटीएफ-८ मध्ये असल्याने देवनागरीही निर्वेध चालते. इंटरनेट नसलेल्या, पूर्ण तुटक ठेवलेल्या नेटवर्कवरही हे चालते. मोठ्या कंपन्यांनी १९९८ पासून लोटसचा सेमटाइम, पुढे मायक्रोसॉफ्टचा लिंक अशी विकतची साधने घेतली.

२०१४ मध्ये खुले झालेले स्लॅक आणि २०१७ मधले मायक्रोसॉफ्ट टीम्स यांनी सर्व्हर पुन्हा बाहेर, क्लाउडवर नेला, पण करार करून आणि नोंदी राखून. नेटवर्कवाल्यांचे काम इथे उलटे झाले: अडवण्याऐवजी वाट मोकळी करणे. टीम्सवर मजकूर जातो पण आवाज तुटतो, ही तक्रार पुष्कळदा ३४७८ ते ३४८१ हे यूडीपी पोर्ट फायरवॉलवर उघडायचे राहिल्यामुळे असते.

बंदीची सगळी गणिते मात्र फोनने बदलली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि कर्मचाऱ्याच्या खिशात स्वतःचे नेटवर्क आले. कार्यालयाच्या संगणकावर चॅट बंद असेल, तर कामाचा ग्रुप व्हॉट्सॲपवर निघतो, एक्सेलच्या तक्त्याचा पडद्यावरून फोटो काढला जातो आणि तो ग्रुपवर पडतो. फायरवॉलला यातले काही दिसत नाही, नोंद राहत नाही, आणि ग्रुपमधून काढायचा राहून गेलेला जुना सहकारी सगळे वाचत राहतो. कार्डाचे तपशील हाताळणाऱ्या कॉल सेंटरांत म्हणूनच फोन दाराशी लॉकरमध्ये ठेवून आत जावे लागते. तिथे ते योग्यही आहे. इतरत्र, आतले चांगले साधन न देता बाहेरचे बंद करणे म्हणजे संवाद आपल्या नजरेआड ढकलणे. याहून वाईट, काही जण ऑफिसचा संगणक केबलने कंपनीच्या नेटवर्कला आणि त्याच वेळी फोनच्या हॉटस्पॉटला जोडतात. मग त्या एका संगणकापुरती फायरवॉल उरतच नाही, आणि बाहेरून आलेली बाधा थेट आतल्या नेटवर्कवर पोचू शकते.

कायद्याच्या बाजूने पाहता, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे, त्यातली माहिती उतरवून घेणे यांवर भरपाई लावते. तेच अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. प्रॉक्सी चुकवून चॅट केल्याचा विषय मात्र बहुधा रुजू होताना सही केलेल्या आयटी धोरणावरच निकाली निघतो, आणि ते धोरण फार थोडे जण वाचतात.

मालकाने किती पाहावे, याचा सर्वांत बोलका खटला रोमानियातला आहे. बुखारेस्टमधल्या एका खासगी कंपनीने आपल्या विक्री विभागातल्या अभियंत्याला ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी याहू मेसेंजरवर खाते उघडायला सांगितले. जुलै २००७ मध्ये कंपनीने आठवडाभर त्या खात्यावरचे बोलणे टिपले. ‘मी ते फक्त कामासाठी वापरतो’ असे त्याने लिहून दिल्यावर कंपनीने त्याच्यापुढे ४५ पानांचा उतारा ठेवला. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले अगदी खासगी बोलणे होते. त्याची नोकरी गेली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या पहिल्या पीठाने जानेवारी २०१६ मध्ये कंपनीच्या वागण्यात गैर काही मानले नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल फिरवला. खासगी वापराला बंदी असल्याचे त्या माणसाला माहीत होते. पण आपले बोलणे वाचले जाईल, आणि तेही शब्दन् शब्द, हे त्याला आधी कळवलेले नव्हते, यावर न्यायाधीशांनी बोट ठेवले.

त्याच्या दोनच आठवडे आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले होते. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये मात्र नोकरीशी संबंधित कारणांसाठी, तसेच व्यापारी गुपिते सांभाळण्यासाठी आणि हेरगिरी रोखण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या वेगळ्या संमतीविना हाताळण्याची मुभा मालकाला दिलेली आहे.